सव्वीस ऐकून बासष्ट लिहिणारा मुलगा

लेस्टर (इंग्लंड),
दि. ११ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

तुमचे पत्र पोहोचले. दादाच्या धाकट्याला शाळेकडून ‘लक्ष देत नाही, गणितात कच्चा आहे’ असा शेरा आला आहे आणि दादा त्याला शिकवणी लावण्याच्या विचारात आहे, हे वाचल्यावर मी दोन दिवस उत्तर लिहायला बसले नाही, कारण तेव्हा लिहिले असते तर रागातच लिहिले असते. तिकडे एका वर्गातल्या तीस मुलांना तीस तऱ्हेने शिकवतात असे ऐकले, ते खरे का, असेही तुम्ही विचारले आहे. ते खरे नाही. सात वर्षांपर्यंतच्या मुलांच्या वर्गात तीसपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत असा येथे कायदा आहे, एवढे मात्र खरे. पण तीस वेगळे पाठ रोज तयार करणारा शिक्षक मी अजून पाहिलेला नाही.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी त्यातल्या त्यात तीन तरी करून पाहिले होते. प्रत्येक गणिताच्या तासाला तीन कागद काढायचे : सोपा, मध्यम आणि अवघड. दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आले की सोपा कागद मिळणारी मुले तीच ती आहेत, आणि अवघड कागदावर काय असते हे त्यांना ठाऊकच नाही. आपल्याकडे ‘कच्ची’ मुले मागच्या बाकावर बसवतात. मी तेच अधिक नीटनेटकेपणाने, रंगीत कागदावर करत होते. आता येथेही अनेक शाळांनी ती पद्धत सोडली आहे. पाठ सर्वांना एकच असतो, त्यात पोहोचण्याचा आधार मात्र प्रत्येकाच्या गरजेप्रमाणे द्यायचा : कोणाला दशकाचे दांडे, कोणाला चित्र, कोणाला आधीच्या दिवशी पाच मिनिटे नवे शब्द ऐकवून ठेवणे. आधार कधी काढून घ्यायचा, हे ठरवणे त्याहून कठीण. मदतनीस बाई सारा दिवस एखाद्या मुलाशेजारी बसल्या की पुष्कळदा गणित त्याच सोडवतात आणि मूल त्यांच्या तोंडाकडे पाहत राहते.

आता आपल्या छोट्याविषयी. तुम्ही लिहिलेली तीन उदाहरणे मी पुन्हा पुन्हा वाचली. ‘सव्वीस’ म्हटले की तो ६२ लिहितो, ‘सिक्स्टीन’ म्हटले की ६१, पण ‘ट्वेंटी सिक्स’ म्हटले की बरोबर २६. बाबा, लक्ष न देणाऱ्या मुलाच्या चुका इतक्या नियमाने होत नाहीत. जो अंक आधी कानावर पडतो तो तो आधी लिहितो, आणि मराठी सव्वीसमध्ये सहा आधी येतो. शाळा इंग्रजी, आजोबा मराठी, आणि दोन्ही भाषांच्या अंकांची उलटसुलट वाट त्याला कोणी दाखवलेली नाही. माझ्या वर्गातली गुजराती घरांतली मुले आजीकडून ‘छव्वीस’ ऐकून येतात, त्यामुळे हे कोडे मला नवे नाही.

तुम्हालाही ते नवे नसावे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या शाळेत तुमच्यासमोर बसणाऱ्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी तेलुगू बोलत. ‘इरवै आरु’ म्हणजे वीस आणि सहा, लिहितानाही तोच क्रम. त्या मुलांना सव्वीस आणि त्याहून वाईट म्हणजे एकोणतीस शिकवताना तुम्ही काय करत होता, ते मला आठवते, कारण सुटीच्या दिवशी मी मागे बसलेली असे. तुम्ही आधी त्यांना तेलुगूत मोजू देत होता. ज्यांच्या आया विड्या वळत, त्यांना पंचवीस विड्यांचा एक कट्टा आणि चाळीस कट्टे म्हणजे हजार हे पाठ्यपुस्तकाच्या कितीतरी आधी माहीत असे, कारण मजुरी हजारावर ठरे. तुम्ही तिथूनच गुणाकार सुरू केलात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा वर्तमानपत्रांतून केवढी थट्टा झाली! घरात न हसलेले एकटे तुम्हीच होता. पुस्तकाने ‘एकवीस’ काढून टाकले नव्हते, शेजारी दुसरी वाट ठेवली होती, हे फार थोड्यांनी पाहिले.

येथील व्यवस्थेचा मला हेवा वाटतो तो एकाच गोष्टीसाठी. प्रत्येक शाळेत विशेष गरजांच्या मुलांची जबाबदारी सांभाळणारे एक शिक्षक असलेच पाहिजेत, आणि ज्या मुलाला मोठी मदत लागते त्याची लेखी योजना, मागणी केल्यापासून वीस आठवड्यांत, सरकारी यंत्रणेने पूर्ण करावी असा नियम आहे. मुदत पुष्कळदा टळते आणि कागदपत्रांनी जीव मेटाकुटीला येतो. तरीही मुलाविषयी जे कळले ते लिहिलेले राहते. तुम्हाला जे कळले होते ते तुमच्याबरोबर निवृत्त झाले. आपल्याकडेही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, पण तो शब्द छोट्याला इतक्यात चिकटवू नका. त्याला आता सातवे आहे. असे निदान सहसा आठ वर्षांच्या आधी पक्के करत नाहीत, आणि दोन भाषांचा गोंधळ हे काही अक्षमतेचे लक्षण नव्हे. डोळे आणि कान मात्र एकदा तपासून घ्या. फळ्यावरचे न दिसणारे मूलही ‘लक्ष देत नाही’च ठरते.

शिकवणी नको, असे दादाला तुम्हीच सांगा. माझे तो ऐकणार नाही. रोज दहा मिनिटे काड्यापेटीतल्या काड्यांचे दहा-दहाचे जुडगे बांधायला लावा. ‘सव्वीस’ म्हटल्यावर आधी जुडगे ठेवायचे, मग सुट्या काड्या, आणि तोंडाने ‘वीस सहा, म्हणजे सव्वीस’ म्हणायचे. लिहायचे शेवटी. गड्ड्याच्या यात्रेत त्याला नेणार असालच. तिथे दुकानदाराशी पैशांचा हिशेब त्यालाच करू द्या आणि तो कोणत्या भाषेत मोजतो तेवढे कान देऊन ऐका.

महिन्याभराने त्याच्या वहीची दोन पाने फोटो काढून पाठवा. वहिनी आधी खोडरबर फिरवतील, त्यांना तेवढे थांबवा. मला चुका तशाच हव्या आहेत.

आईस नमस्कार, छोट्यास अनेक आशीर्वाद.

आपली लेक