आधी भिंत सुकू द्या, मग चित्रे लावा

संपादक महोदय,

जुन्या दगडी इमारतींत समकालीन कलेची संग्रहालये व्हावीत, असे आम्हांलाही मनापासून वाटते. जॉर्ज विटेट यांनी आराखडा केलेले मुंबईचे सर कावसजी जहांगीर सभागृह १९११ मधले. त्याच्या दगडी भिंतींच्या आत अर्धवर्तुळाकार दालने उभारून १९९६ मध्ये तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सुरू झाले. आखणीपासून त्या कामाला १२ वर्षे लागली. हल्ली मात्र कामाची मुदत अनेकदा उद्घाटनाच्या तारखेवरून ठरते, आणि घोटाळा तिथेच होतो.

जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. जोत्यातून चढलेली ओल चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडत राहते. त्यावर सिमेंट आणि प्लास्टिक पेंट चढवला की तिची वाट बंद होते. मग ओल आणखी वर चढते, लोणा (भिंतीवर येणारे पांढरे क्षार) फुलतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. म्हणून आधी छप्पर, पन्हळी आणि पायाभोवतीचा निचरा दुरुस्त करावा. मगच सिमेंट खरवडून भिंत उघडी ठेवावी. ढोबळ हिशेबाने भिंत एका बाजूने महिन्याला इंचभर सुकते, तीही कोरड्या हवेत. दोन फुटी भिंत दोन्ही बाजूंनी सुकायला वर्ष जाते. मधे एक पावसाळा येतो, तो यायलाच हवा; छप्पर कुठे गळते ते त्याशिवाय कळत नाही.

नव्या गिलाव्यासाठी महिनाभर मुरवलेला चुना एक भाग, वाळू आणि सुर्खी (भाजलेल्या विटांची भुकटी) मिळून तीन भाग. एका वेळी अर्ध्या इंचापेक्षा जाड थर देऊ नये आणि आठवडाभर तो ओलसर राखावा. पंखे लावून सुकवला तर हमखास तडे जातात.

ओल्या भिंतीवर एसी सुरू करणे ही तर दुसरी मोठी चूक. दालन २० अंशांवर थंड ठेवले आणि फटींतून पावसाळी हवा शिरली, की थंड काचेवर, फ्रेममागे पाणी धरते. रात्री एसी बंद केला की आर्द्रता एकदम चढते. ती ६५ टक्क्यांच्या वर राहिली तर कागदाला बुरशी लागते. आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत दिवसरात्र राखता येत नसेल, तर कागदावरची चित्रे तिथे लावूच नयेत.

मूळ भिंतीत खिळाही नको. लोखंडी सांगाड्यावर १८ मिमी प्लायची वेगळी भिंत चार इंच सोडून उभारावी, वर-खाली हवेला वाट ठेवावी. ही फट बंद केली की मागे वाळवी आणि बुरशी. तळमजला सोडून इतर मजल्यांवर शिल्प ठेवण्याआधी तुळया तपासाव्यात, विशेषतः भिंतीत रुतलेली टोके, कारण लाकूड तिथेच कुजते. काळ्या दगडाचा एक घनमीटर जवळपास पावणेतीन टनांचा असतो.

निविदेत नुसते ‘गिलावा’ लिहिले की सिमेंटच लागते. त्यामुळे चुन्याचे काम, भिंत सुकण्याचा काळ आणि पावसाळाभर रोज घ्यायच्या आर्द्रतेच्या नोंदी, या तिन्ही बाबी निविदेत स्वतंत्रपणे लिहाव्यात, ही संबंधित खात्यांना विनंती.

– वास्तुजतनाचे काम करणारे काही अभियंते, मुंबई