बाबा, लॅमिंग्टन रोडला जाण्याआधी

श्टुटगार्ट,
रविवार

तीर्थरूप बाबा,
शि. सा. नमस्कार.

काल फोनवर तुम्ही म्हणालात, "लॅपटॉप फार हळू चालतो. लॅमिंग्टन रोडचा दुकानदार साडेचार हजारांत त्यात आय-सेव्हन प्रोसेसर टाकून देतो म्हणतो, हो म्हणू का?" मी उत्तर देणार तोच फोन आईच्या हातात गेला आणि विषय माझ्या वजनावर आला. म्हणून लिहायला बसले. हे वाचून होईपर्यंत ग्रँट रोडची गाडी पकडू नका.

तुमच्या लॅपटॉपमध्ये आय-फाइव्ह ५२००यू आहे. गणपतीत आले होते तेव्हा मीच पाहिलं होतं. त्यातलं शेवटचं 'यू' महत्त्वाचं. यू म्हणजे कमी वीज खाणारा प्रोसेसर, तुमचा १५ वॉटचा. तो मदरबोर्डला, म्हणजे आतल्या मुख्य बोर्डाला, खालून हजाराहून जास्त बारीक ठिपक्यांनी डाखलेला, म्हणजे सोल्डर केलेला असतो. जुना उचलला, नवा ठेवला, असं त्यात होत नाही. दुकानदाराने एकतर लॅपटॉप उघडून पाहिलेला नाही, नाहीतर तो अख्खा बोर्ड बदलायचं म्हणतोय आणि तुम्हाला तेवढं सांगत नाहीये. आणि समजा, त्याच मॉडेलचा आय-सेव्हन ५५००यू असलेला बोर्ड मिळाला, तरी त्यातही दोनच कोर. तुमचा २.२ गिगाहर्ट्झचा, तो २.४ चा. नाव मोठं, लक्षण खोटं.

पूर्वी लॅपटॉपचा प्रोसेसर खरंच बदलता यायचा. इंटेलच्या चौथ्या पिढीपर्यंत, म्हणजे साधारण २०१३-१४ पर्यंत, बऱ्याच मशीनांत सॉकेट, म्हणजे प्रोसेसर काढता-घालता येणारी बैठक असायची. त्यावरून माझा कॉलेजातला प्रताप आठवला असेलच! माझ्याकडे आय-थ्री ३५०एम होता, पहिल्या पिढीचा. लॅमिंग्टन रोडवरून मी ऐटीत दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह २४१०एम आणला, सेकंडहँड. दोन्ही ३५ वॉटचे, दोन्ही सॉकेटवाले आणि सॉकेटच्या नावात आकडा पण तोच, ९८८. फक्त एक ९८८ए आणि दुसरा ९८८बी. त्या एका अक्षराकडे मी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

सॉकेटच्या कडेचा बारीक स्क्रू फिरवून जुना काढला. नव्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटवरच्या खुणेला लावला. बसेना. मग मी अंगठ्याने दाबला. तीन पिना वाकल्या. तुम्ही चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन, शिसं काढलेल्या पेनपेन्सिलीच्या टोकात एकेक पिन घालून सरळ केलीत, सोनारासारखी. पिना सरळ झाल्या, पण ९८८एच्या सॉकेटात ९८८बीचा प्रोसेसर बसायचा नव्हताच. दुकानात "लावलेला माल परत घेत नाही" एवढं ऐकून मी हात हलवत परत. माझं चुकलंच होतं म्हणा.

नंतर कळलं, सॉकेट जुळलं तरी भागत नाही. बोर्डावरच्या चिपसेटला (प्रोसेसरच्या जोडीदार चिपला) आणि बायोसला (मशीन सुरू करणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला) तो प्रोसेसर ओळखता यायला हवा, नाहीतर स्क्रीन काळीच राहते. आणि ३५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा बसवला, तर बिचारा पंखा पुरा पडत नाही. मशीन तापून स्वतःच वेग कमी करतं. तेव्हा पैसे जास्त देऊन हळू चालणारं मशीन घ्यायचं, असा उद्योग.

माझ्या शब्दावर विसंबू नका, स्वतः बघा. सीपीयू-झेड नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात 'पॅकेज'ची ओळ वाचा. तिथे बीजीए, म्हणजे बोर्डाला डाखलेला, असं दिसलं की विषय संपला.

मग लॅपटॉप रडतो कशामुळे? कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर नावाची खिडकी उघडेल, तिथे डिस्कच्या रकान्यात बघा. १०० टक्के दिसत असेल, तर गुन्हेगार बहुधा ती जुनी फिरती हार्ड डिस्क आहे. तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क घाला, सुरू व्हायला लागणारा वेळ लगेच कमी होईल. रॅम ४ जीबी असेल तर ८ करा, पण डीडीआर३एलच मागा. डीडीआर४ची पट्टी त्या खाचेत बसत नाही, तिथे अंगठा लावू नका! सोसायटीची खाती आधी पेनड्राइव्हवर घ्या.

एक मात्र यातल्या कशानेच सुटत नाही. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला, मोजके अपवाद सोडले तर, इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. तुमचा पाचव्या पिढीचा. त्यामुळे बँकेचं काम त्यावर करू नका, फोनवरूनच करा. हिशेब आणि कीर्तनाचे व्हिडिओ यांना तो अजून पुरेल.

टास्क मॅनेजरच्या त्याच खिडकीत परफॉर्मन्समध्ये मेमरी उघडा आणि 'स्लॉट्स यूज्ड' लिहिलेल्या ओळीचा फोटो मला पाठवा. एक खाच रिकामी असेल तर नेमकी कुठली रॅम घ्यायची ते कळवते. आईच्या बटणांच्या डब्यात तो २४१०एम अजून असेल, तर तो टाकू नका. मला हवाय.

आईला नमस्कार. माझं वजन ठीक आहे.

तुमची,
बेबी