खुर्ची हलली, किल्लीचे काय?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जागतिक ख्रिस्ती मिशन-संस्थांच्या बैठकांतून ‘बहुकेंद्री नेतृत्व’ (म्हणजे एकाच केंद्राऐवजी अनेक देशांतून चालणारे नेतृत्व) हा शब्दप्रयोग अलीकडे वारंवार कानी पडतो. सप्टेंबर 2024 मध्ये दक्षिण कोरियातील इंचॉन येथे लोझान चळवळीची, म्हणजे ख्रिस्ती धर्मप्रसारकांच्या जागतिक चळवळीची, चौथी जागतिक परिषद भरली, तेव्हाही भर परस्परांच्या साथीने काम करण्यावरच होता. जगातील बहुसंख्य ख्रिस्ती आज आफ्रिका, आशिया आणि लॅटिन अमेरिकेत राहत असताना त्यांच्या कामाचे निर्णय युरोप-अमेरिकेतील कार्यालयांत का व्हावेत, हा प्रश्न रास्तच आहे. परंतु अहिल्यानगर जिल्ह्यातील एका जुन्या मंडळीच्या (स्थानिक चर्चच्या) पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे कारभारी समितीवर, काही वर्षे खजिनदार म्हणून काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, अध्यक्षाची खुर्ची कोणत्या खंडात आहे यापेक्षा तिजोरीची किल्ली आणि जागेचा उतारा कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे.

ही चर्चा नवी नाही, आणि तिचे एक प्रकरण आमच्याच जिल्ह्याशी जोडलेले आहे. अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईत आले आणि 1831 मध्ये त्यांनी नगरला ठाणे वसवले. त्यांच्या बोस्टन येथील मंडळाचे सचिव रूफस अँडरसन आणि लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच असा आग्रह धरला होता की, स्थानिक मंडळीने आपला कारभार आपण पाहावा, आपला खर्च आपण भागवावा आणि आपला प्रसार आपण करावा. अँडरसन स्वतः 1854-55 मध्ये हिंदुस्थान व सिलोनच्या दौऱ्यावर आले, देशी पाळकांना दीक्षा देण्यावर व देशी भाषांतील शिक्षणावर त्यांनी जोर दिला, आणि याच धोरणापायी सिलोनमधील जाफन्याची नावाजलेली, इंग्रजीतून शिकवणारी बट्टिकोटा सेमिनरी 1855 मध्ये बंद झाली. म्हणजे स्थानिकांनी स्वावलंबी व्हावे, हा हुकूमसुद्धा बोस्टनहूनच सुटला! ही गंमत मला आजच्या अनेक ठरावांतही दिसते.

1910 च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत सुमारे 1200 प्रतिनिधींमध्ये आशियातले वीसही नव्हते. त्यांच्यापैकी दक्षिण भारतातील धर्मगुरू व्ही. एस. अझरिया यांनी परदेशी मिशनऱ्यांना भर सभेत सांगितले की, तुम्ही पुष्कळ त्याग केलात, पण आम्हाला मित्र हवे आहेत. मिशनरी आणि देशी सेवक एका ताटाला बसत नाहीत, हे त्यांच्या बोलण्यामागचे दुखणे होते. आपल्याकडे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची सेवा सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभारायला घेतला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी टिळक गेले. त्यांची अभंग-भजने आपण आजही गातो, पण त्यांनी मिशनची नोकरी का सोडली, हे कुणी फारसे विचारत नाही.

खुर्चीसोबत किल्लीही हलवण्याचा प्रामाणिक प्रयत्न मला एका ठिकाणी दिसतो. 1795 मध्ये स्थापन झालेल्या लंडन मिशनरी सोसायटीचा वारसा चालवणाऱ्या कौन्सिल फॉर वर्ल्ड मिशनने 1977 मध्ये आपली घडी नव्याने बसवली. देणारे आणि घेणारे हा भेद तिने मोडला, सामाईक निधीचे वाटप सर्व सदस्य चर्चेसनी एका टेबलाशी बसून ठरवावे असे मान्य केले, आणि 2012 मध्ये मुख्यालयही लंडनहून सिंगापूरला नेले. 1929 पासून चाललेल्या वाटाघाटींनंतर 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा चर्चेसच्या एकीकरणातून जन्मलेले चर्च ऑफ नॉर्थ इंडियाही या कौन्सिलचे सदस्य आहे. ही व्यवस्था मला मनापासून आवडते. अडचण पुढे येते, कारण सिंगापूरच्या टेबलावर वाटून घेतलेला अधिकार आपल्या देशात आल्यावर वरच्या एक-दोन पायऱ्यांवरच बस्तान ठोकतो.

माझा अनुभव साधा आहे. एका मे महिन्यात आमच्या पाळकसाहेबांच्या घराची कौले वादळात फुटली. रविवारच्या उपासनेनंतर आम्ही थैलीतल्या दहा-दहाच्या नोटा मोजल्या, चार कुटुंबांनी वेगळी रक्कम दिली, कौले आली, सुतारही ठरला. पण जागा दूरच्या शहरातील एका न्यासाच्या नावावर असल्याने लेखी परवानगीवाचून हात लावायची सोय नव्हती, आणि ते पत्र पोळा झाल्यावर पोहोचले. तोवर पाळकीणबाई छताला ताडपत्री बांधून आणि खाली पातेली ठेवून दिवस काढत होत्या. परदेशी मिशनरी साहेबाच्या काळात याहून वेगळे काय होत असेल, असे मला तेव्हा वाटून गेले.

दोष साऱ्यांचा सारखा नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेला आलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देण्यास मनाई केली, त्यामुळे मोठ्या संस्थेने लहानांना वाटून द्यावे हा मार्ग, इच्छा असली तरी, बंदच आहे. तेव्हा गावचा पैसा गावातच उभा करणे एवढेच उरते. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन चर्चच्या स्त्रिया रोजचा स्वयंपाक करताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढतात. विसाव्या शतकाच्या आरंभापासून चालत आलेल्या या रिवाजाचा त्या चर्चच्या मिशनकार्याला मोठा आधार आहे. मूठ आपली असली की तिचा हिशेब विचारायला जीभही धजावते.

अर्थात अधिकार गावात आला की तो गावातल्या दोन-चार घराण्यांच्या खिशात जातो, हेही मी पाहिले आहे. कमिटीची निवडणूक भावकीच्या भांडणावर लढवली जाते. म्हणून माझी सूचना लहानशी आहे. मिशनच्या जुन्या जागांची यादी, त्या कोणाच्या नावावर आहेत याची नोंद आणि वर्षाचा जमाखर्च, हे सारे वरिष्ठांनी मराठीत छापून प्रत्येक मंडळीच्या दाराशी लावावे. आमच्याकडे हिशेब आला तर इंग्रजीत येतो आणि कपाटात जातो. दाराशेजारचा सूचनाफलक मात्र नाताळच्या कार्यक्रमाचा कागद काढल्यापासून रिकामाच आहे.

आपला,
मंडळीचा एक माजी खजिनदार, अहिल्यानगर