कागद नेले, बोलणे राहिले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील बालचित्रांवरील संशोधनाचा लेख वाचला. चार-पाच वर्षांच्या मुलांपुढे प्रश्नावली ठेवता येत नाही, म्हणून चित्रांतून त्यांचे मन जाणून घ्यावे, हे लेखिकेचे म्हणणे मला मान्य आहे. मात्र काळा रंग म्हणजे भीती आणि बिनहाताचा माणूस म्हणजे असहायता, असा जो तक्ता लेखात दिला आहे, तो वाचून राहवले नाही. या वयाची कितीतरी मुले डोक्यालाच पाय जोडून माणूस काढतात. हात पुढे कधीतरी येतात.

मी एकवीस वर्षे बालवाडीत शिकवले. एकदा एका संस्थेची माणसे ‘माझे घर’ या विषयावर चित्रे काढून घ्यायला आली. साडेचार वर्षांच्या एका मुलाने घर काढले, दारात आई आणि अंगणात शेळी काढली, आणि मग काळा तेलखडू आडवा धरून सगळा कागद घासून काढला. घासता घासता तो शेजारच्या मुलीला सांगत होता, “आता लाइट गेली. शेळी हाय, पन दिसत नाय.” पाहुणे तेव्हा पलीकडे कागद मोजत होते. अहवालात त्या चित्राखाली ‘घराविषयी भीती’ असे छापून आले. मी खरा प्रकार पत्राने कळवला, त्याला उत्तर नाही. चित्रेही परत आली नाहीत, “बाई, माझी शेळी कधी देणार?” असे तो दिवाळीपर्यंत विचारत होता.

इटलीतील रेज्जो एमिलिया येथील बालशाळांत शिक्षणतज्ज्ञ लोरिस मालागुत्सी यांनी चित्रशाळेला आणि कलाशिक्षकाला शाळेतच जागा दिली. तिथे मुलाच्या कामाबरोबर त्याचे बोलणेही टिपून ठेवतात. भारताने १९९२ साली स्वीकारलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेचे १२ वे कलम मुलाला स्वतःविषयीच्या बाबींत मत मांडण्याचा हक्क देते. चित्र मुलाकडून घेऊन अर्थ आधीच तयार असलेल्या तक्त्यातून लावला, तर त्यात मुलाचे मत कुठे आले?

आपण छापलेल्या तिन्ही चित्रांखाली लेखिकेचे अर्थ आहेत, मुलांचे एकही वाक्य नाही. शिवाय मधल्या चित्राची उजवी कड जागेसाठी कापली असून कोपऱ्यातील आकृती अर्धीच दिसते. ते चित्र कृपया पूर्ण छापावे, आणि काढताना मूल काय म्हणाले याची नोंद लेखिकेकडे असल्यास तीही सोबत द्यावी.

आपली,
एक निवृत्त बालवाडी शिक्षिका, डहाणू