ताई, व्हिसा आला! तुमचे आभार मानायचे राहिलेत

ताई,

काल पासपोर्ट हातात आला आणि आत शेंगेनचा, म्हणजे युरोपच्या व्हिसाचा, स्टिकर बघितल्या बघितल्या तुम्हालाच फोन लावला, पण बोलताच येईना, नुसतं थँक्यू थँक्यू करत राहिले, म्हणून आज नीट लिहितेय.

पहिल्यांदा नकार आला तेव्हा मी पार खचले होते. त्या छापील कागदावर खूण होती की खर्चाची पुरेशी सोय दाखवलेली नाही, आणि मला कळेचना, खात्यात एवढे पैसे असून सोय नाही म्हणजे काय? तुम्ही माझं स्टेटमेंट घेतलं, पेन्सिलीने एका एंट्रीभोवती गोल केला आणि विचारलंत, "हे कुठून आले गं?" मामाने टाकलेले, अर्जाच्या आठ दिवस आधी, एकरकमी. माझा पगार एवढासा, मध्येच ही मोठी रक्कम, आणि ती कुणी दिली, का दिली, फाइलमध्ये एक ओळ नाही. तुम्ही म्हणालात, "पैसे मामांचे आहेत ना, मग मामांच्याच खात्यात दिसू देत की, लपवायचं काय त्यात?" तिथेच मला सगळं लख्ख कळलं.

मग तुमचे दोन रविवार माझ्या फाइलमध्ये गेले. मामाचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, त्याची इन्कम टॅक्स रिटर्न्स, आणि फॉर्मवर खर्च कोण करणार तिथे स्पॉन्सर, म्हणजे खर्च उचलणारा, म्हणून मामा. मामाने आधी नुसतंच "सर्व जबाबदारी माझी" असं लिहून दिलं होतं, तुम्ही त्याच्याकडून तारखा, तिकीट, हॉटेल, रोजचा खर्च असं सगळं वेगवेगळं लिहून घेतलंत. आणि नात्याचा पुरावा! आमची आडनावं वेगळी, मग मामाचा आणि आईचा जन्मदाखला, दोन्हीवर आजी-आजोबांची तीच नावं, त्याखाली आईचं मॅरेज सर्टिफिकेट, त्याखाली माझा जन्मदाखला, असे ओळीने लावलेत की बघणाऱ्याला मामा-भाची हे विचारायलाच लागू नये. मला हे जन्मात सुचलं नसतं.

माझं छोटं स्टेटमेंट मी काढून टाकणार होते, तुम्ही ठेवायला लावलंत, पगाराच्या स्लिपा आणि रजेचं पत्रही, कारण खर्च मामाचा असला तरी परत येणार हे माझं मलाच दाखवायचं होतं. ३०,००० युरोचं कव्हर असलेला इन्शुरन्स मी काढला होता पण तो परतीच्या आदल्या दिवशीच संपत होता, तेही तुमच्याच नजरेला पडलं!

ताई, तुमची माझी ओळख तरी किती, आणि पैशाचा विषय काढला तर तुम्ही फोनच ठेवून दिलात. मामा सारखा विचारतोय की ताईंना भेटायला कधी जायचं. निघायच्या आधी आम्ही दोघं येतोय, नाही म्हणू नका.

तुमची,
मामाची भाची