आठपैकी चारच तारा जोडल्या, की गाणी रात्रभर सरकतात

माननीय संपादक,

जुन्या कॅसेटी, स्पूल आणि घरगुती मैफलींची ध्वनिमुद्रणे संगणकावर उतरवून घेण्याचे काम सध्या बऱ्याच घरांत चालू असते. उतरवलेला संग्रह एका खोलीतल्या लॅपटॉपवरून दुसऱ्या खोलीतल्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवणुकीच्या डब्यावर) किंवा संगणकावर हलवायची वेळ आली, की गाडी अडते. मग इंटरनेटवाल्याला फोन होतो, ‘मोठा प्लॅन घ्या’ असा सल्ला मिळतो, दरमहा खर्च वाढतो आणि कॉपीचा वेग तसूभरही वाढत नाही. घरातल्या घरात फिरणाऱ्या फायलीचा त्या प्लॅनशी काडीचाही संबंध नसतो. तो आकडा घराच्या उंबऱ्यापर्यंतचा. आत काय होते ते तारा, राउटर आणि डिस्क ठरवतात.

आधी ओझे किती ते पाहू. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, स्टिरिओ अशा वेव्ह (न आवळलेल्या ध्वनीच्या) फायलीला दर मिनिटाला साधारण ३४.५ मेगाबाइट लागतात, म्हणजे तासाला २ जीबीहून थोडे जास्त. साठ मिनिटांच्या २०० कॅसेटी झाल्या सुमारे ४१५ जीबी. हे ओझे २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरून सेकंदाला ५ मेगाबाइटने गेले तर २३ तास लागतात. १०० मेगाबिटच्या तारेवरून साडेदहा तास, आणि गिगाबिट तारेवरून तासाभरात काम आटोपते. (मेगाबिटला आठने भागले की मेगाबाइट. प्लॅन बिटमध्ये विकतात, कॉपीची खिडकी बाइटमध्ये बोलते. निम्मा घोळ इथेच होतो.)

ओझेच कमी करणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय. कॅसेटला ४८ किलोहर्ट्झ पुरेसे असतात. ९६ केल्याने फाइल दुप्पट होते, खरखर तेवढीच राहते. वेव्ह फायली फ्लॅक या आवळलेल्या प्रकारात बदलल्या तर आवाजातला एक बिटही न गमावता साधारण तिसरा हिस्सा जागा वाचते. एकदा फ्लॅक किंवा एमपी३ झालेल्या फायली मात्र झिप करत बसू नये. त्या आणखी आवळल्या जात नाहीत, प्रोसेसर फुकट दमतो.

आता दुखणे कुठे आहे ते ओळखायचे कसे? त्यासाठी ३-४ जीबीची एकच फाइल कॉपीला लावावी आणि पहिले काही सेकंद सोडून द्यावे. सुरुवातीचा वेग बऱ्याचदा संगणकाच्या मेमरीचा असतो, तो खरा धरू नये. त्यानंतर जो आकडा स्थिर होतो तोच निदान सांगतो. सेकंदाला ११ ते ११.८ मेगाबाइटवर काटा खिळ्यासारखा रुतला असेल, तर वाटेत कुठेतरी १०० मेगाबिटचा दुवा आहे, याबद्दल शंका नको. ३० ते ४० च्या आसपास थांबला तर यूएसबी २.० चे पोर्ट किंवा केबल. ३ ते ६ मध्ये वरखाली नाचत असेल तर २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय. मोठ्या कॉपीत ११० ला सुरू होऊन काही मिनिटांनी २५-३० वर कोसळला तर दोष डिस्कचा: हल्लीच्या अनेक छोट्या पोर्टेबल डिस्क एकमेकींवर चढलेल्या पट्ट्यांत लिहितात आणि त्यांची तात्पुरती जागा भरली की दम टाकतात. ११० टिकून असेल तर गिगाबिट पूर्ण वापरले जात आहे, हात लावू नये.

सगळ्यांत जास्त घरांत आढळतो तो अकराचा आकडा, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने. नेटवर्कच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला त्यातल्या दोनच जोड्या पुरतात, कनेक्टरच्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्यांपैकी एक तार जरी सुटली, तरी दोन्ही टोकांची यंत्रे बहुधा आपसात बोलून निमूटपणे १०० वर उतरतात. इंटरनेट चालू राहते, दिवे लुकलुकतात, कुणाला पत्ता लागत नाही. इमारतीत वायरिंग करणारे कारागीर अनेकदा चारच तारा जोडतात आणि उरलेल्या इंटरकॉमला किंवा दुसऱ्या पोर्टला देऊन एका केबलीत दोन कामे उरकतात. त्यांच्या लेखी ती काटकसर असते.

दुसरी चूक याहून छुपी आहे. आठही तारा जोडलेल्या, पण जोड्या ओळीने लावलेल्या: १-२, ३-४, ५-६, ७-८. दोन्ही टोकांना हाच क्रम असल्यामुळे स्वस्त टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात आणि कारागीर ‘केबल ओके’ म्हणून निघून जातो. प्रत्यक्षात ३ आणि ६ ही एकाच पिळातली जोडी असायला हवी. ती फुटली की पिळाचा उपयोगच संपतो, एका जोडीतला संकेत दुसरीत झिरपतो आणि गिगाबिट टिकत नाही. क्लिप पलीकडे, सोनेरी पिना आपल्यासमोर वर आणि केबल खाली धरून डावीकडून क्रम असा हवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. निळी जोडी हिरवीच्या मध्ये बसते, चुकायची जागा तीच. जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नये आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले गेले पाहिजे, नाहीतर ओढाताणीत तारा निसटतात.

केबल विकत घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहावी. आतून चंदेरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची. ती वजनाला हलकी असते, कनेक्टर दाबून बसवताना तुटते आणि लांब अंतरावर दगा देते. अस्सल तांब्याची कॅट ५ई दर्जाची केबल गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते. नवीन टाकायचीच असेल तर कॅट ६ टाकावी. कॅट ७ आणि कॅट ८ चे चपटे, रंगीत तुकडे महाग विकले जातात, त्याने घरातले गाणे वेगाने जात नाही.

केबल धड असूनही आकडा अकराच राहिला, तर इंटरनेटवाल्याने बसवलेला डबा तपासावा. अनेक डब्यांवर मागे चार पोर्ट दिसतात, पण गिगाबिट एकच असतो आणि बाकीचे १०० चे. उपाय हजार-दीड हजारांचा आहे: पाच पोर्टचा गिगाबिट स्विच. लॅपटॉप आणि नॅस दोन्ही स्विचला जोडावेत आणि स्विचमधून एकच केबल डब्याकडे न्यावी. दोन यंत्रांमधली फाइल मग डब्यापर्यंत जातच नाही, स्विचमधूनच वळते. डबा कितीही मंद असला तरी फरक पडत नाही.

एकदाच मोठा संग्रह हलवायचा असेल तर स्विचही नको. दोन्ही संगणकांत थेट एक केबल लावावी. गिगाबिटला उलट-सुलट जोडणीची खास केबल लागत नाही. नेटवर्क सेटिंगमध्ये एकाला १९२.१६८.५०.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.५०.२ हा आयपी पत्ता द्यावा, दोन्हीकडे मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. दुसरा संगणक नावाने न उघडता या आकडी पत्त्याने उघडावा. नावाने उघडला तर विंडोज कधीकधी वायफायचीच वाट धरते आणि केबल शोभेला राहते. विंडोज अशा जोडणीला ‘पब्लिक’ समजून फायरवॉल आडवी घालते, तेवढी परवानगी द्यावी लागते. आणि तेही जमत नसेल तर डिस्क उचलून शेजारच्या खोलीत न्यावी. यूएसबी ३ ची साधी डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट सहज घेते. हातात डिस्क धरून चालणे हेही एक नेटवर्कच आहे आणि त्याचा वेग मुळीच वाईट नाही.

वायफायच वापरायचे असेल तर निदान एक यंत्र तारेवर ठेवावे. दोन्ही वायफायवर असली की प्रत्येक फाइल हवेतून दोनदा जाते, लॅपटॉपकडून राउटरकडे आणि राउटरकडून नॅसकडे. वेग निम्मा झालाच. ५ गिगाहर्ट्झ एकाच खोलीत ५० मेगाबाइटच्या आसपास देतो, काँक्रीटच्या दोन भिंती ओलांडल्या की त्याचा जीव जातो.

कॉपीसाठी विंडोजमध्ये माउसने ओढण्याऐवजी रोबोकॉपी ही विंडोजमधलीच कॉपीची आज्ञा वापरावी. कव्हरांची चित्रे आणि बारीकसारीक फायली हजारोंनी असतात तेव्हा ‘एमटी’ हा पर्याय एकाच वेळी आठ-सोळा फायली पाठवतो आणि फरक डोळ्यांना दिसतो. ‘आर’ आणि ‘डब्ल्यू’ हे पर्याय मात्र स्वतः द्यावेत, उदाहरणार्थ २ आणि ५. न दिल्यास अडलेल्या फायलीवर ते १० लाख वेळा, दर ३० सेकंदांनी प्रयत्न करते. एका फायलीपायी जवळजवळ वर्ष! ‘एमआयआर’ पर्याय समजल्याशिवाय लावू नये. मूळ जागी नसलेले सर्व काही तो पलीकडून पुसून टाकतो.

मराठी नावांच्या फायलींचे दोन खास अडथळे आहेत, आणि इंग्रजी मार्गदर्शिकांत ते सहसा सापडत नाहीत. विंडोज २५५ चिन्हांचे नाव चालवून घेते; लिनक्सवर चालणाऱ्या नॅसवर मर्यादा २५५ बाइटची असते आणि देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट खाते. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हे, आणि काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजायचे. ‘स्त्री’ हा एवढासा शब्द १८ बाइटचा. गायक, राग, ताल, साथीदार, गाव, तारीख असे सगळे नावात कोंबले, की कॉपी मध्येच ‘नाव फार लांब’ म्हणून थांबते. साथीदार आणि तारीख फायलीच्या टॅगमध्ये लिहावी.

दुसरा अडथळा ‘ऱ’चा. ‘किनाऱ्यावर’मधला ऱ एका चिन्हाने लिहिता येतो, किंवा र आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. दिसायला दोन्ही एकच. मॅकची जुनी फाइलपद्धत तो फोडून साठवते आणि लिनक्सला ती दोन वेगळी नावे वाटतात. परिणामी आरसिंकने (दोन जागच्या फायली जुळवणाऱ्या आज्ञेने) रोज जुळवणी केली तरी अशा फायली पुन्हा कॉपी होतात, कधी जोडीने दिसतात. ‘आयकॉन्व्ह’ हा पर्याय यावर उतारा आहे. तो आरसिंकच्या ३.० पासून आहे. मॅकसोबत वर्षानुवर्षे आलेल्या २.६.९ आवृत्तीत नाही, नवी टाकून घ्यावी लागते.

लांब मैफलींसाठी आणखी एक: वेव्ह फायलीची, आणि फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर कोणत्याही एका फायलीची, मर्यादा ४ जीबीची आहे. वर दिलेल्या ९६ किलोहर्ट्झच्या हिशेबाने ती २ तास ४ मिनिटांत संपते. मध्यंतरात तोडून दोन फायली केलेल्या बऱ्या. कॉपी झाल्यावर मूळ लगेच पुसू नये. फ्लॅकच्या पोटात आवाजाची खूणगाठ असते, ‘फ्लॅक’ आज्ञेचा ‘टी’ पर्याय ती पडताळून देतो. वेव्हमध्ये तशी सोय नाही, तिथे दोन्हीकडच्या फायलीचा शा-२५६ हा पडताळणीचा आकडा काढून जुळवावा.

या निमित्ताने दोन मागण्या. इंटरनेटच्या डब्यावर प्रत्येक पोर्टचा वेग पोर्टशेजारीच छापलेला असावा. आणि नव्या इमारतींच्या माहितीपत्रकात ‘प्रत्येक खोलीत नेटवर्क पॉइंट’ असे लिहिणाऱ्यांनी आठही तारा जोडल्या आहेत की नाही तेही लिहावे. तोवर घर ताब्यात घेणाऱ्यांनी एवढे करावे: वायरमनचे पैसे चुकते करण्यापूर्वी प्रत्येक पॉइंटच्या दोन्ही टोकांना गिगाबिटचे एकेक यंत्र लावावे, विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहावा आणि १०००/१००० दिसत नसेल, तर तो कनेक्टर तिथल्या तिथे कापून पुन्हा बसवून घ्यावा.

— एक वाचक, ठाणे