आई-बाबा, मागांचा सौदा करू नका

पुणे
गुरुवार, 10 डिसेंबर 2020

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आज भोसरीच्या कारखान्यांची सुट्टी, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. फोनवर सगळं राहूनच जातं. आई आधी "जेवलीस का" विचारते, मग माझा सोनू फोन ओढून घेतो आणि बाबा मागून "पैशाचं मी बघतो" एवढंच म्हणतात. दादाकडून कळलं की माझी नोकरी गेली म्हणून मला इचलकरंजीत दुकान टाकून द्यायला बाबा आपले कापडाचे माग विकणार आहेत, आणि ते बघायला माणूसही बोलावलाय. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे. आधी हे पूर्ण वाचा, मग त्या माणसाशी बोला.

दिवाळी झाल्यावर मी नव्या कामावर रुजू झाले आहे. रात्री फोन उचलत नव्हते ते दुसऱ्या पाळीत होते म्हणून. भोसरी एमआयडीसीतलीच छोटी कंपनी आहे, ट्रॅक्टर आणि टेम्पोचे ब्रेकचे पार्ट करते. काम आधीचंच, क्वालिटीचं. पगार आधीपेक्षा तीन हजारांनी कमी आहे आणि सध्या ठेकेदारामार्फत घेतलंय, तेही लपवत नाही. तुम्हाला विचारलं असतं तर बाबा म्हणाले असते, "थांब, घाई करू नकोस, इकडेच ये." आणि तुम्ही म्हणालात की माझा पाय निघत नाही. ही जागा दोन दिवस थांबली नसती. मे महिन्यात यूपी-बिहारकडची पोरं गावी गेली, त्यातली बरीच अजून आलेली नाहीत. ऑर्डर आहे, मशीन आहे आणि माणूस नाही, अशा वेळी पार्ट मोजायचं गेज हातात धरता येणारी बाई दारात उभी राहिली. त्यांनी दुसऱ्याच दिवशी बोलावलं.

बाबा, तुमचं म्हणणं मला पाठ आहे. पेपरात मंदी आली म्हणून छापलंय, सलग दोन तिमाह्या देशाचं उत्पन्न घटलं, मग ही नोकरी किती दिवसांची? आकडे खरेच आहेत. एप्रिल ते जूनमध्ये 23.9 टक्क्यांची घट आणि जुलै ते सप्टेंबरमध्ये 7.5 टक्क्यांची. पण त्या दोन आकड्यांमध्ये किती अंतर आहे तेही बघा. एप्रिलमध्ये मारुतीची देशात एकही गाडी विकली गेली नव्हती, शोरूमच बंद होती. ऑगस्टमध्ये गाड्यांची विक्री आदल्या वर्षाच्या पुढे गेली. बस-रिक्षात बसायला लोक घाबरतात, म्हणून जो तो स्वतःची गाडी बघतोय. ट्रॅक्टरचं तर विचारूच नका. शेतीची कामं लॉकडाऊनमध्येही चालू होती, रब्बी चांगली झाली, पाऊस झाला, म्हणून सगळ्यात आधी ट्रॅक्टर उठला. जीएसटी एप्रिलमध्ये जेमतेम 32 हजार कोटी जमला होता, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर दोन्ही महिन्यांत तो एक लाख कोटीच्या वर आहे. एक महिना दसरा-दिवाळीचा म्हणून सोडून देऊ, पण दोन महिने ओळीने?

आणि आकडे राहू द्या, मी डोळ्यांनी काय बघते ते सांगते. आता मशीनवरून उतरलेला पार्ट माझ्या टेबलावर येतो तेव्हा हाताला कोमट लागतो. तेल पुसायचं, गेज लावायचं, ठीक असेल तर निळ्या बिनात, नसेल तर लाल. निळा बिन भरतोय तोवर ट्रकवाला दारात हॉर्न देत असतो. जुन्या कंपनीत शेवटी शेवटी तपासलेला माल तसाच पडून होता, बिनांवर धूळ बसली होती. तेव्हा साहेब रोज "पुढच्या महिन्यात ऑर्डरचं शेड्यूल येईल" म्हणायचे. इथे शेड्यूल दर आठवड्याला वाढून येतंय, ओव्हरटाइमला माणसं मिळत नाहीत. स्टील महागलंय म्हणून मालक चिंतेत असतो, पण ती काम असलेल्या माणसाची चिंता आहे.

सगळीकडे असंच आहे असं मी म्हणणार नाही. ह्यांचं हॉटेल 5 ऑक्टोबरपासून अर्ध्या टेबलांवर चालू झालंय, पण लग्नाचे हॉल रिकामेच आहेत. ह्यांना दिवसाआड बोलावतात, पगारही तसाच. आमच्या खालच्या मजल्यावरचे दादा हिंजवडीला कंपनीची कॅब चालवायचे. आयटीवाले घरून काम करतात, त्यांच्या नोकऱ्या शाबूत आहेत, पण त्यांना ने-आण करणारा, त्यांच्या कॅन्टीनला पोळ्या लाटणारी बाई, हे सगळे घरी बसले. ते दादा अजून गाडीत भाजी भरून विकतात. उलट मावशीच्या मुलाला फरशीच्या कामातून फुरसत नाही. सरकारने मुद्रांक शुल्क 5 टक्क्यांवरून 2 टक्क्यांवर आणलं, तेही 31 डिसेंबरपर्यंतच, म्हणून लोक फ्लॅटच्या नोंदणीला धावतायत. जिकडे काम आलंय तिकडे आपण उभं राहायचं, एवढाच विचार मी केला. इचलकरंजीत दुकान टाकून गिऱ्हाइकाची वाट बघण्यापेक्षा हा रस्ता मला ओळखीचा आहे.

आता मागांचं. बाबा, ते सहा माग माझ्यासाठी विकायचे नाहीत. भंगारवाला किलोने लोखंड मोजणार, तुम्ही त्यात काय काय घातलंय ते त्याला कुठे माहीत? नोटाबंदी झाली, जीएसटी आला, शहापूरची जागा गेली, तेव्हाही तुम्ही माग सोडले नाहीत. आता सूत महागलं तरी कापडाला मागणी येतेय, व्यापाऱ्याकडून विणायला सुताची बिमं परत यायला लागलीत असं दादाच म्हणाला. खर्चीवर, म्हणजे विणायच्या मजुरीवर, चार पैसे कमी सुटतील, पण सुटतील. पुढे कधी तुम्हालाच झेपेनासे झाले तर खुशाल विका आणि ते पैसे तुमच्या दोघांच्या नावावर ठेवा. आईच्या पाटल्यांचा विषय मी कधी काढत नाही, पण विसरलेलीही नाही. त्यावर आणखी मागांचं ओझं मला देऊ नका.

लहानपणी मागांच्या खडखडाटात मी गाढ झोपायचे, आणि लाइट जाऊन माग थांबले की दचकून उठायचे, आठवतं ना? मग बाबा मला सुताच्या कांड्यांच्या पेटीवर बसवून कंदिलाच्या उजेडात पाढे म्हणायला लावायचे, आई पदराने वारा घालायची. इथे पहिल्या पाळीला मशीन एकदम सुरू होतात तेव्हा मला आपल्या घरासारखं वाटतं. खरं सांगते, त्या आवाजात मला भीती वाटत नाही.

आमच्या जेवणाखाण्याची काळजी करू नका. नोकरी गेली त्या काळातही उपाशी राहिलो नाही. ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, अटल योजनेतून तीन महिने निम्म्या पगाराएवढे पैसे खात्यात आले. पीएफमधून थोडे काढले, सगळे नाही. घराचा हप्ता ऑगस्टपर्यंत थांबवला होता, तो आता नीट चालू आहे. कंपनीची बस आमच्या चौकातून जाते, रात्री सोडायलाही दारापर्यंत येते. आत जाताना ताप बघतात, कॅन्टीनला एकाआड एक बसवतात. गॅस आहे, पाणी रोज येतं, आईने दिलेली चटणी अजून अर्धी बरणी शिल्लक आहे. मी रोज डब्यात नेते.

एक गोष्ट लिहायला हात जड होतोय. सोनूला नाताळच्या सुट्टीत न्यायला येते आहे. तुमच्याकडे त्याचं काही कमी झालं म्हणून नाही, असं मनातसुद्धा आणू नका. जूनपासून तुम्ही त्याला सांभाळलंत म्हणून आम्ही दोघं उभे राहू शकलो. पण परवा फोनवर तो मला "तू कधी जाणार परत?" असं म्हणाला, मी इथे पुण्यातच असताना. हे दिवसाआड घरी असतात, उरलेल्या वेळेला शेजारच्या मावशी आहेत, त्यांची नात त्याच्याच वर्गात आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की तो पूर्ण सुट्टी तुमच्याकडे राहील. आई, त्या दिवशी तू रडलीस तर मीही रडेन आणि मग तो गाडीत बसणार नाही. त्याच्यासाठी तिखटमिठाच्या पुऱ्या करून दे, जास्तच दे.

आता माझं ऐका. बाबांनी उपाशीपोटी आणि जेवणानंतरची अशी दोन्ही शुगर या आठवड्यात तपासायची, रिपोर्ट दादाने मला व्हॉट्सॲपवर टाकायचा. "मला काही होत नाही" हे कारण चालणार नाही. आईने गुडघ्याचा पट्टा कपाटात न ठेवता पायाला बांधायचा आणि जिना दिवसातून एकदाच. देवळं उघडली म्हणून गर्दीच्या दिवशी जायचं नाही, सोमवारी सकाळी लवकर जाऊन या. मास्क नाकावर, हनुवटीवर नाही. बाबा, पेठेत चहाला बसणं अजून महिना-दोन महिने बंदच ठेवा. माग बघायला येणाऱ्या माणसाला दादाकरवी आजच निरोप धाडा. पहिला पगार झाला की मी आईच्या खात्यात औषधाचे पैसे टाकणार आहे, ते परत पाठवायचे नाहीत.

पत्र मिळालं की एक मिस्ड कॉल द्या. मी जेवणाच्या सुट्टीत, साडेसातला, उलट फोन करते.

सोनूला गोड पापा, दादा-वहिनीला नमस्कार.

तुमची,
लेक